रोलर कोस्टरचा लूप पूर्ण गोल का नसतो? गाडे बांधणाऱ्या एका जर्मन मिस्त्रीची गोष्ट

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरून जाताना खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कमध्ये 'नायट्रो' ही रोलर कोस्टर आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या राइडमध्ये माणूस एका फेरीत पाच वेळा उलटा होतो. पायाखाली फरशी नसते, डोकं जमिनीकडे असतं आणि तरीही कुणी खाली पडत नाही. कोल्हापूरहून सहलीला जाणाऱ्या कॉलेजच्या पोरांमध्ये या राइडची चर्चा परतीच्या प्रवासातही थांबत नाही.

या राइडच्या उभ्या लूपकडे लांबून नीट पाहिलं, तर एक गोष्ट लक्षात येते. तो बांगडीसारखा गोल नाही. वरच्या बाजूला निमुळता आणि खाली पसरट, पाण्याचा थेंब उलटा धरावा तसा त्याचा आकार आहे. जगातल्या बहुतेक मोठ्या लूपचा आकार असाच असतो. याच आकारामुळे लूप सुरक्षित झाला आणि जगभरातल्या पार्कांमध्ये पोहोचला.

हा आकार रुळांवर उतरवणारा माणूस आज हयात नाही. आंतोन श्वार्त्सकॉफ हे त्याचं नाव. रोलर कोस्टरच्या जगात हे नाव मोठ्या आदरानं घेतलं जातं. मात्र त्यांच्या आयुष्यात जेवढे लूप आले, तेवढेच चढ-उतारही आले. ते कोण होते, त्यांनी नेमकं काय केलं आणि त्यांच्या गोष्टीतून आजही काय शिकण्यासारखं आहे, ते जाणून घेऊया.

कोण होते आंतोन श्वार्त्सकॉफ?

श्वार्त्सकॉफ यांचा जन्म ८ जुलै १९२४ रोजी जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातला. घरचा धंदा गाडे बांधण्याचा. त्यांचं बालपण लाकूड, लोखंड आणि चाकांच्या सहवासात गेलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्या घरांत आजोबांपासून लेथ चालतो, तिथल्या मुलांना हे वातावरण वेगळं सांगावं लागणार नाही. हातात हत्यार आधी येतं आणि त्यामागचं शास्त्र नंतर कळतं.

ते ऐन विशीत असताना दुसरं महायुद्ध संपलं. युद्धानंतरच्या जर्मनीत शहरं ढासळलेली होती, पण जत्रा पुन्हा सुरू होत होत्या. जर्मनीतली जत्रा म्हणजे गावोगाव फिरणारं एक मोठं कुटुंबच. पाळणेवाले, दुकानदार, सर्कसवाले आपला संसार गाड्यांमध्ये भरून एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. या लोकांना मजबूत आणि ओढायला सोप्या गाड्या लागायच्या. श्वार्त्सकॉफ यांच्याकडे काम येऊ लागलं ते अशा गाड्यांचं.

म्युन्स्टरहाउझेन या छोट्या गावात त्यांचा कारखाना उभा राहिला. गिऱ्हाईक जत्रेतलं होतं. त्यामुळे गाड्यांपाठोपाठ पाळणे आणि राइड दुरुस्तीला येऊ लागल्या आणि मग नव्या राइड बनवण्याच्या ऑर्डरी आल्या. १९५७ मध्ये त्यांनी पहिली रोलर कोस्टर बांधली. साठीच्या दशकात 'वाइल्डकॅट' आणि 'जेटस्टार' या त्यांच्या पोलादी कोस्टर जत्रांमध्ये लोकप्रिय झाल्या.

जत्रेनं काय शिकवलं?

तोपर्यंत मोठ्या रोलर कोस्टर प्रामुख्यानं लाकडाच्या असायच्या आणि एका जागी कायमच्या उभ्या असायच्या. जत्रेच्या कोस्टरचं गणित वेगळं. ती काही दिवसांत उभी करायची, दोन-तीन आठवडे चालवायची, पुन्हा सुटी करून ट्रकवर चढवायची आणि पुढच्या गावी तशीच्या तशी जोडायची. एखादा सांधा दोन मिलिमीटरनं जरी चुकला, तरी पुढचा रूळ बसणार नाही.

या गरजेतूनच श्वार्त्सकॉफ यांच्या कामाला शिस्त आली. रूळ म्हणून पोलादी नळ्या, त्या हव्या त्या वळणात वाकवलेल्या आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्यात अचूक बसणारा. त्यांच्या ट्रॅकवरून डबा धावताना हिसके बसत नाहीत, ही त्यांची ख्याती या अचूकतेतून आली.

इथेच त्यांच्या आयुष्यात वेर्नर श्टेंगेल आले. १९३६ मध्ये जन्मलेले श्टेंगेल हे बांधकाम शाखेचे इंजिनिअर. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला दोघांचं काम एकत्र सुरू झालं आणि पुढे श्टेंगेल यांनी म्युनिकमध्ये स्वतःचं कार्यालय काढलं. राइड कशी वाटली पाहिजे, हे श्वार्त्सकॉफ यांना कळायचं. तसं वाटण्यासाठी रूळ किती वाकला पाहिजे आणि खांबावर किती भार येईल, हे श्टेंगेल गणितानं काढायचे. मिस्त्री आणि इंजिनिअर यांची ही जोडी पुढची कित्येक वर्षं टिकली.

उलटं होण्याचं वेड किती जुनं?

लूपची कल्पना श्वार्त्सकॉफ यांची नव्हे. ती त्यांच्या जन्माच्याही बरीच आधीची आहे. १८४६ मध्ये पॅरिसच्या एका बागेत लोकांनी लूपमधून जाणारी गाडी पाहिली होती. १८९५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर 'फ्लिप फ्लॅप' नावाची राइड आली. तिचा लूप साधारण २५ फूट उंच आणि जवळजवळ पूर्ण गोल होता.

लोक उत्साहानं बसायचे आणि मान धरून उतरायचे. या राइडमध्ये माणसाच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या सुमारे १२ पट जोर यायचा, असं सांगितलं जातं. काही वर्षांतच ती बंद पडली. १९०१ मध्ये कोनी आयलंडवरच 'लूप द लूप' ही दुसरी राइड आली. तिचा लूप थोडा लांबट केलेला असल्यानं त्रास कमी झाला. पण एका डब्यात चारच माणसं बसायची. बघ्यांची गर्दी मोठी आणि बसणारे कमी, अशी अवस्था झाली. १९१० च्या सुमारास तीही थांबली.

त्यानंतर सुमारे ६० वर्षं मोठ्या लूपच्या वाटेला कुणी यशस्वीपणे गेलं नाही. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या पार्कमध्ये बाटलीचं बूच काढण्याच्या स्क्रूसारखी पिळदार 'कॉर्कस्क्रू' आली आणि माणूस पुन्हा उलटा होऊ लागला. उभ्या लूपचं कोडं मात्र तेव्हाही सुटायचं होतं.

गोल लूपमध्ये नेमकी अडचण काय?

पाण्यानं भरलेली बादली हात ताणून जोरात गरागरा फिरवली, तर बादली डोक्यावर उलटी असतानाही पाणी सांडत नाही. वेग पुरेसा असेल, तर पाणी बादलीच्या तळाला दाबलेलं राहतं. लूपमधला माणूस म्हणजे त्या बादलीतलं पाणी. वरच्या टोकाला वेग पुरेसा असेल, तर तो सीटला चिकटून राहतो.

आता अडचण पाहा. लूप पूर्ण गोल असेल, तर माथ्यावरून जेमतेम न पडता जाण्याएवढा वेग ठेवला, तरी खाली येईपर्यंत तो वेग बराच वाढलेला असतो. घर्षण सोडून साधं गणित केलं, तर गोल लूपच्या तळाशी माणसावर त्याच्या वजनाच्या सहापट जोर येतो. ६० किलोच्या माणसाला आपण ३६० किलोचे, म्हणजे साडेतीन क्विंटलहून जास्त वजनाचे झालो आहोत असं वाटेल. लूप लहान केला किंवा मोठा केला, तरी हे गुणोत्तर बदलत नाही. दोष लूपच्या उंचीचा नसून त्याच्या गोलपणाचा आहे.

दुसरी अडचण हिसक्याची. सपाट रुळावरून डबा थेट गोलात शिरला, की जोर हळूहळू वाढत नाही, एका क्षणात आदळतो. मान त्यासाठी तयार नसते. 'फ्लिप फ्लॅप'मधून लोक मान धरून का उतरायचे, याचं उत्तर यात आहे.

उत्तर सापडलं रस्त्याच्या वळणात

यावरचं उत्तर गणितात फार पूर्वीपासून होतं. अठराव्या शतकातले स्विस गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी एका खास वक्राचा अभ्यास केला होता. त्यावरून पुढे पुढे जावं, तसतसं वळण ठरावीक प्रमाणात घट्ट होत जातं. त्याला क्लोथॉइड म्हणतात. रेल्वेचे इंजिनिअर सरळ रुळाला वळणाशी जोडताना हाच विचार वापरतात. महामार्गावरच्या चांगल्या वळणावर स्टीअरिंग एकदम फिरवावं लागत नाही, हळूहळू फिरवत नेलं तरी चालतं. त्यामागेही तोच वक्र असतो.

श्टेंगेल यांनी हा वक्र उभा केला. लूपच्या तळाशी वेग सर्वांत जास्त असतो, म्हणून तिथे वळण मोठं आणि सैल ठेवलं. माथ्यावर वेग कमी झालेला असतो, म्हणून तिथे वळण लहान आणि घट्ट केलं. त्यामुळे खालचा जोर आटोक्यात राहिला आणि वर माणूस सीटला चिकटून राहण्याइतका जोरही मिळाला. जोर हळूहळू वाढू आणि उतरू लागल्यानं हिसकाही गेला.

कागदावर हा आकार काढणं एक गोष्ट आहे. पोलादी नळी प्रत्येक इंचाला वेगळ्या मापानं वाकवत नेणं, दोन्ही रूळ समांतर ठेवणं आणि जोडल्यावर सगळं एका रेषेत येणं, ही दुसरी. तिथे जत्रेच्या कोस्टर बांधून तयार झालेला श्वार्त्सकॉफ यांचा हात कामी आला.

८ मे १९७६: कॅलिफोर्नियात काय घडलं?

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं पूर्ण होत होती. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मॅजिक माउंटन या पार्कला त्या वर्षासाठी काहीतरी मोठं हवं होतं. इंटामिन या स्विस कंपनीमार्फत काम श्वार्त्सकॉफ यांच्याकडे आलं. ८ मे १९७६ रोजी 'ग्रेट अमेरिकन रिव्होल्यूशन' लोकांसाठी सुरू झाली. आधुनिक काळातली उभ्या लूपची ही पहिली मोठी रोलर कोस्टर.

तिचा लूप सुमारे ९० फूट उंच आणि ट्रॅक एक किलोमीटरहून थोडा लांब. डोंगराच्या उतारावर झाडांमधून वाट काढत डबे जातात आणि शेवटाकडे लूप येतो. मूळ रचनेत प्रवाशांना फक्त मांडीवरचा दांडा होता, खांद्यावर काही नव्हतं. आकार बरोबर असेल, तर माणसाला सीटमध्ये दाबून ठेवायचं काम लूप स्वतः करतो, हा त्यामागचा विश्वास. पुढे या राइडवर खांद्यावरचे दांडे बसवले गेले आणि अनेकांची डोकी त्यावर आपटू लागली. २०१६ मध्ये नूतनीकरण करताना ते काढून पुन्हा मांडीवरचा दांडा आणला गेला. ४० वर्षांनी मूळ विचारच बरोबर ठरला.

१९७७ मध्ये आलेल्या 'रोलरकोस्टर' या हॉलिवूडपटात ही राइड झळकली आणि लूप जगभर पोहोचला. मग प्रत्येक मोठ्या पार्कला लूप हवा झाला.

जागा कमी असेल तर?

सगळ्यांकडे एक किलोमीटर ट्रॅकची जागा नव्हती. श्वार्त्सकॉफ यांनी त्यावरही तोड काढली. १९७७ मध्ये त्यांची 'शटल लूप' आली. तिच्यात चढणीवर साखळीनं डबे ओढत न्यायची गरज नाही. स्टेशनमधून डब्यांना एकदम ढकललं जातं, ते लूपमधून जातात, समोरच्या उभ्या चढावर चढतात, वेग संपला की थांबतात आणि त्याच रुळावरून, त्याच लूपमधून उलटे मागे येतात. एका लूपमध्ये माणूस दोनदा उलटा होतो.

ढकलण्यासाठी सुरुवातीला जड वजन खाली सोडून त्याच्या ओढीचा उपयोग केला. नंतर मोठं फ्लायव्हील आलं. उसाच्या चरकाचं किंवा जुन्या ऑइल इंजिनाचं जड चाक ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे लगेच समजेल. लहान मोटर सावकाश चाक फिरवत त्यात ताकद साठवते आणि ती साठवलेली ताकद काही सेकंदांत केबलमार्फत डब्यांना मिळते.

याच काळातली त्यांची आणखी एक करामत म्हणजे स्वतः चढणारी गाडी. शिकागोजवळच्या पार्कमध्ये १९७६ पासून चालणारी 'व्हिझर' गोल जिन्यासारख्या चढावर स्वतःच्या विजेच्या मोटरवर वर जाते. २००२ मध्ये पार्कनं ती काढायचं जाहीर केलं, तेव्हा चाहत्यांनी विरोध केला आणि पार्कला निर्णय मागे घ्यावा लागला. या राइडमध्ये लूप नाही. तरीही लोकांनी ती वाचवली, कारण तिच्यात आजी आणि नातू एकत्र बसू शकतात.

एवढं नाव, तरी दिवाळखोरी का?

राइड बनवण्याचा धंदा साबण विकण्यासारखा नसतो. गिऱ्हाईक मोजके, ऑर्डर मोठी, माल आणि मजुरीचा खर्च आधी करायचा आणि पैसे टप्प्याटप्प्यानं यायचे. एखादी मोठी ऑर्डर लांबली, की कारखान्याचं सगळं चक्र अडतं. कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांनाही हा अनुभव नवा नाही.

१९८३ मध्ये श्वार्त्सकॉफ यांची कंपनी दिवाळखोरीत गेली. ज्यांच्या राइड तीन खंडांत चालत होत्या, त्यांचा स्वतःचा कारखाना हातातून निसटला. ते थांबले नाहीत. कधी नव्या नावानं, कधी दुसऱ्या कंपनीसाठी आराखडे देऊन त्यांनी काम चालू ठेवलं. १९८४ मध्ये तीन लूपची 'ड्रायर लूपिंग' आली. १९८६ मध्ये चार लूपची 'थ्रिलर' जर्मन जत्रांमध्ये फिरू लागली. १९८७ मध्ये स्वीडनच्या लिसेबर्ग पार्कमध्ये त्यांच्या आराखड्यावरची 'लिसेबर्गबानन' सुरू झाली. तिचं बांधकाम मात्र दुसऱ्या कंपनीनं केलं.

पण कंपनी कोलमडण्याचे परिणाम कारखान्याच्या फाटकाबाहेरही होतात, हे त्याच काळात समोर आलं.

१४ जून १९८६: एडमंटनमध्ये काय चुकलं?

कॅनडातल्या वेस्ट एडमंटन मॉलमध्ये छताखाली 'माइंडबेंडर' ही तीन लूपची प्रचंड कोस्टर १९८५ च्या अखेरीस सुरू झाली होती. सहा महिन्यांच्या आत, १४ जून १९८६ रोजी, तिच्या शेवटच्या डब्याच्या चाकांची जोडणी सैल झाली. बोल्ट निघाले, डबा रुळावरून सुटला आणि काँक्रीटच्या खांबावर आदळला. तीन जणांचा मृत्यू झाला आणि एक जण गंभीर जखमी झाला.

लूपच्या आकारात चूक नव्हती, गणितही चुकलं नव्हतं. घात झाला तो चाक धरून ठेवणाऱ्या बोल्टमध्ये. चौकशीत चाकांच्या जोडणीच्या रचनेवर प्रश्न उपस्थित झाले. कंपनी दिवाळखोरीच्या गर्तेत असताना देखभालीची कागदपत्रं नीट हस्तांतरित न होणं आणि जर्मन भाषेतल्या सूचना चालवणाऱ्यांपर्यंत त्यांच्या भाषेत पुरेशा न पोहोचणं, हेही समोर आलं.

राइड पुढच्या वर्षी बदल करून सुरू झाली. चार डब्यांऐवजी तीन डबे, प्रवाशांना धरून ठेवण्यासाठी जास्तीची सोय आणि डबा मागे घसरू नये म्हणून अडकण. ती २०२३ पर्यंत टिकली. गेलेले तीन जीव मात्र परत आले नाहीत. श्वार्त्सकॉफ यांच्या आयुष्याचा कुठलाही हिशेब हे पान वगळून पूर्ण होत नाही.

शेवटचं मोठं काम: पाच लूप, तेही फिरते

१९८९ मध्ये म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये 'ऑलिम्पिया लूपिंग' उभी राहिली. ऑलिम्पिकच्या पाच कड्यांसारखे पाच लूप, सव्वा किलोमीटर ट्रॅक, ३२ मीटरहून जास्त उंची. विशेष म्हणजे ही सगळी राइड सुटी करून ट्रकवर चढते आणि पुढच्या गावी जाते. सुटी करून नेता येणारी ही जगातली सर्वांत मोठी रोलर कोस्टर मानली जाते. तिचंही उत्पादन दुसऱ्या कंपनीनं केलं. आराखडा मात्र श्वार्त्सकॉफ आणि श्टेंगेल या जोडीचाच.

जत्रेवाल्यांच्या गाड्यांपासून सुरू झालेलं काम पुन्हा जत्रेतच शिखरावर पोहोचलं. ३० जुलै २००१ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी श्वार्त्सकॉफ यांचं निधन झालं. ऑलिम्पिया लूपिंग त्यांच्यानंतरही जर्मनीच्या जत्रांमध्ये आणि लंडनच्या हिवाळी जत्रेतही लोकांना उलटं करत राहिली.

महाराष्ट्राशी काय नातं?

ऑलिम्पिया लूपिंग आली त्याच १९८९ मध्ये मुंबईत गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं. मोठ्या अम्युझमेंट पार्कची महाराष्ट्राला ओळख झाली ती तिथून. कोल्हापूर-सांगलीच्या शाळांच्या मुंबई सहलीत एस्सेल वर्ल्ड पाहिलेली एक आख्खी पिढी आता चाळिशीत आहे.

२०१३ मध्ये खोपोलीत आलेली 'नायट्रो' बोलिगर अँड मॅबिलार्ड या स्विस कंपनीची. ही कंपनी १९८८ मध्ये सुरू झाली. तिचे दोन्ही संस्थापक आधी ज्या स्विस कारखान्यात होते, तो इंटामिनसाठी राइडचे भाग बनवायचा. याच इंटामिननं श्वार्त्सकॉफ यांची पहिली लूप कोस्टर अमेरिकेत नेली होती. 'नायट्रो' श्वार्त्सकॉफ यांनी बांधलेली नाही. पण तिच्या लूपचा थेंबासारखा आकार, पोलादी नळ्यांचे रूळ आणि जोर हळूहळू वाढवत नेण्याची पद्धत, हा सगळा वारसा १९७६ च्या त्या वळणावरून आलेला आहे.

राइड म्हातारी होते तेव्हा

श्वार्त्सकॉफ यांच्यानंतरची एक घटना इथे सांगायलाच हवी. १९८४ ची 'ड्रायर लूपिंग' जर्मनीतल्या जत्रा संपवून मलेशियात गेली, तिथून इंग्लंडला आणि मग मेक्सिको सिटीतल्या पार्कमध्ये 'किमेरा' या नावानं सुरू झाली. प्रत्येक वेळी नवा मालक, नवा रंग, नवं नाव. २८ सप्टेंबर २०१९ रोजी तिचा शेवटचा डबा रुळावरून सुटला आणि दोन जणांचा मृत्यू झाला. देखभालीतली हयगय तपासात पुढे आली आणि ते पार्क कायमचं बंद झालं.

एडमंटन आणि मेक्सिको यांच्यात ३३ वर्षांचं अंतर आहे. एक राइड नवीकोरी होती, दुसरी ३५ वर्षांची. पण दोन्हीकडे शेवटचाच डबा सुटला. चांगला आराखडा राइडला जन्म देतो. तिला जिवंत ठेवतो तो रोज सकाळी पाना घेऊन चढणारा फिटर.

मग आपण काय पाहायचं?

हा प्रश्न फक्त खोपोलीच्या पार्कपुरता नाही. उरुसात, यात्रेत, दिवाळीच्या सुट्टीत मैदानावर भरणाऱ्या फनफेअरमध्ये आकाशपाळणा, ब्रेकडान्स आणि ड्रॅगन ट्रेन येतात. त्याही श्वार्त्सकॉफ यांच्या राइडसारख्याच सुट्या होतात, ट्रकवर चढतात आणि नव्या गावी जोडल्या जातात. प्रत्येक जोडणी म्हणजे शेकडो बोल्ट पुन्हा नव्यानं आवळणं. अशा राइडच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५४७५ हे मानक आहे. कागदावरचं मानक मैदानात उतरलं आहे का, हे तपासणं यंत्रणेचं काम आहे. तिकीट काढणाऱ्यानंही काही गोष्टी पाहाव्यात.

• सकाळी लोकांना बसवण्याआधी राइड रिकामी फिरवतात का?

• मांडीवरचा किंवा खांद्यावरचा दांडा ऑपरेटर स्वतः हातानं ओढून पाहतो का? नुसतं लांबून पाहणं पुरेसं नाही.

• दांडा नीट लागला नाही असं वाटलं, तर राइड सुरू होण्याआधी हात वर करून ओरडा. लाजू नका.

• उंचीची अट मुलांच्या हट्टापायी मोडू नका. दांडा ठरावीक उंचीच्या शरीराला धरण्यासाठी बनवलेला असतो.

• मोबाइल, चष्मा, चपला खाली ठेवा. वेगात सुटलेली छोटी वस्तूही मागच्या माणसाला दगडासारखी लागते.

• मानेचा, पाठीचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गर्भवतींनी अशा राइड टाळाव्यात.

थोडक्यात सांगायचं तर...

आंतोन श्वार्त्सकॉफ यांनी लूप शोधला नाही. ८० वर्षं लोकांची माना मोडणारी कल्पना त्यांनी श्टेंगेल यांच्या गणिताच्या आधारानं घरातल्या सगळ्यांना बसता येईल अशी केली. त्यांचा कारखाना बुडाला, त्यांच्या राइडवर माणसं दगावली आणि तरी त्यांनी वाकवलेले काही रूळ आजही हिसका न देता धावत आहेत. 'रिव्होल्यूशन'नं २०२६ मध्ये पन्नाशी गाठली. पुढच्या वेळी लूपच्या माथ्यावर डोकं खाली आणि पाय वर असतील, तेव्हा तो क्षण शांतपणे अनुभवता येतो, कारण खाली कुणीतरी वळण सैल आणि वर घट्ट ठेवलेलं आहे. बाकी सगळं त्या दिवशी सकाळी बोल्ट तपासणाऱ्या माणसाच्या हातात असतं.